नळीतली पेज

माझ्या बायकोला, कमलाला, मण्यार चावली त्याला चौथा दिवस होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, यंत्र तिला श्वास देत होतं. पापणीसुद्धा हलत नव्हती. "विषाने अंग लुळं पडलंय, पण त्यांना ऐकू येतं. बोलत राहा, काका," असं डॉक्टर नाहीद म्हणाल्या होत्या. मला ते जमलं नाही. सिंदेवाहीच्या वाचनालयात मी तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. बोलायची फारशी वेळ आली नाही.

कमलाला नाकातल्या नळीने दूध द्यायचे. त्याआधी दर वेळी डॉक्टर सोनोग्राफीने पोट पाहत. आधीचं उरलेलं असताना नवं दिलं, तर ते वर येऊन फुप्फुसात उतरतं. काल संध्याकाळी थोडं उरलेलं दिसलं, म्हणून रात्रीचं दूध थांबवलं होतं.

सकाळी भेटीच्या वेळेला कमलाची धाकटी बहीण बायनाबाई पेजेची बाटली घेऊन आली.

"माही बहीण उपाशी हाये. भाऊजी, तुमी फक्त पडदा धरा."

"डॉक्टरांना विचारू या."

"इचारा. जिंदगीत कोणाले काई इचारलं काय तुमी?"

मी खाटेभोवतीचा पडदा धरला. तिने सिरिंजने नळीत पेज सोडली.

तासाभराने डॉक्टर आल्या. पोटावर यंत्र फिरवून बराच वेळ बघत राहिल्या.

"कालपासून काही दिलेलं नाही, तरी भरलेलंच आहे. म्हणजे पोट काम करत नाहीये. नळी आतड्यापर्यंत न्यावी लागेल. इथे सोय नाही, नागपूरला हलवू." वाटेतला धोकाही त्यांनी सांगितला.

बायनाबाईने बाटली पदराखाली घेतली.

"पेज आहे ती," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो, "आम्ही घातली. पडदा मी धरला होता."

डॉक्टर रागावल्या, पण आम्हाला दाराबाहेर नेऊन, हळू आवाजात. नागपूरची गाडी थांबवली. दुपारी त्यांनी पुन्हा पोट पाहिलं. बायनाबाई मागे उभी होती.

"काय दिसून राह्यलं, बाई?"

"काही नाही. पेज पुढे गेली. आता दूध देऊ."

बायनाबाईने नळावर बाटली धुतली. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

तीन आठवड्यांनी कमला घरी आली. मी डॉक्टरांशी बोललो ते तिला ऐकू आलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. ते ऐकलं असेल, तर त्याआधीचं पडद्याआडचंही ऐकलं असेल.