निवडणूक पुढे ढकलली आहे

मित्रांनो, मी जुनी आहे, पत्र्याची आहे आणि खरे सांगायचे तर थकलेली आहे. काम करून थकले असते तर तक्रार नव्हती. मी थकले आहे ती वाट पाहून. मी एक मतपेटी आहे. पॅलेस्टाईनमधल्या नाबलस शहराच्या दक्षिणेला जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, झाडांत एक गाव आहे. तिथल्या मुलींच्या शाळेत, नकाशांच्या खोलीत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म नाबलसच्या एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तो एरवी तेलाचे डबे करी. मला मात्र त्याने फार जपून घडवले. शेजारचा साबणवाला चेष्टेने म्हणाला, "अरे, डब्याला एवढं कशाला गोंजारतोस?"

"डबा नाही हा, मतपेटी आहे. हिच्यात आपला राष्ट्राध्यक्ष मावायचाय."

"मग फट जरा रुंद ठेव की! माणूस जाडजूड निघाला तर?"

दोघेही खूप हसले. त्या काळी आमच्याकडे लोक असे सहज हसत. पॅलेस्टाईनला पहिल्यांदाच आपला राष्ट्राध्यक्ष आपल्या मताने निवडायचा होता.

मतदानाच्या दिवशी थंडी कडाक्याची होती. इस्रायली सैन्याच्या नाक्यावर गाडी अडली, त्यामुळे मी गावात उशिरा पोचले, पण रांग हलली नव्हती. बायका भरतकामाचे झगे घालून लग्नाला आल्यासारख्या आल्या होत्या. एका आजीने मतपत्रिकेचा मुका घेतला आणि मगच ती माझ्यात टाकली. कोणीतरी गरम कुनाफ्याचे, पाकातल्या चीजच्या मिठाईचे, ताट फिरवत होते. माझे पोट गच्च भरले. मित्रांनो, तसे सुख मला पुढे फारसे लाभले नाही.

ते पहिले राष्ट्राध्यक्ष वारले आणि दुसरी निवडणूक झाली. तेव्हा शाळेचा शिपाई अबू हातिम माझ्याशेजारी शाईची बाटली घेऊन बसला होता. इब्तिसाम नावाची एक सतरा वर्षांची मुलगी रांगेत घुसली. त्याने तिला ओळखले आणि हाताला धरून बाहेर काढले.

"पोरी, मत द्यायला अठरा लागतात. चार वर्षांनी ये. मीच तुझ्या बोटाला शाई लावीन."

"नक्की ना, काका?"

"अगं, राष्ट्राध्यक्षाची मुदतच चार वर्षांची. जातेय कुठे निवडणूक?"

निवडणूक कुठे गेली ते अजून कोणाला कळलेले नाही. वर्षभराने पार्लमेंटसाठी मतदान झाले, मग दोन मोठ्या पक्षांत जुंपली. एक समुद्राकाठी गाझात बसला, दुसरा डोंगरात रामल्लाला. दोघांत विस्तव जाईना. आजूबाजूला सैन्याचे नाके होते, इस्रायलने बांधलेली भिंत होती, रोजची धरपकड होती. चार वर्षे झाली, आठ झाली. निवडणुकीचे घोंगडे भिजत पडले. राष्ट्राध्यक्ष तेच राहिले आणि मला न्यायला कोणी आलेच नाही.

मग माझ्यात खडू आले. तुटके कंपास आले, मुलींचे हरवलेले रुमाल आले. मधूनच रेडिओवर बातमी येई, की यंदा निवडणूक नक्की. अबू हातिम मला रिकामी करी, साबणाने घासून अंगणात उन्हाला ठेवी. काही दिवसांनी दुसरी बातमी येई, आणि तो पुन्हा मुकाट्याने खडू भरी. त्याने मला इतक्यांदा घासले, की मतांनी झिजले नाही तेवढी मी साबणाने झिजले.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी मात्र तारखा जाहीर झाल्या. गावात जवळजवळ सगळ्यांनी नावे नोंदवली. इब्तिसाम आता याच शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होती. तिला दोन मुले होती, केसांत पांढरी बट होती आणि राष्ट्राध्यक्षासाठी मत तिने एकदाही दिलेले नव्हते. ती येताजाता मला हात लावून जाई. ऐन वेळी खबर आली, की जेरुसलेमच्या आपल्या लोकांना तिथे मतदान करू देण्याबद्दल इस्रायलकडून होकार नाही. जेरुसलेमशिवाय निवडणूक नाही, असे रामल्लाहून जाहीर झाले आणि सगळे पुढे ढकलले गेले. कधीपर्यंत, ते कोणी सांगितले नाही.

अबू हातिम खडूंची खोकी घेऊन आला तेव्हा इब्तिसाम माझ्यापाशी बसली होती.

"राहू द्या, काका. खडू नका भरू."

"मग काय भरू? लोणचं?"

"आमच्या सहावीच्या मुली मत देतील. मला राष्ट्राध्यक्ष निवडायला नाही मिळालं. निदान त्यांना कळू दे, मत देतात म्हणजे काय करतात."

शाळेची सुट्टी संपल्यावर तिने ते खरे केले. सहावी 'अ' आणि सहावी 'ब', दोन्ही तुकड्यांची मिळून एक अध्यक्ष निवडायची आणि तिची मुदत एक वर्षाची. अध्यक्षाने निळा पट्टा घालायचा आणि सकाळची घंटा वाजवायची. रघद नावाची उंच, धीट मुलगी निवडून आली. कामाला ती वाघीण होती. तिने नळ दुरुस्त करून घेतला, पहिलीच्या रडक्या मुलींना वर्गात नेऊन बसवले. माझ्या पोटात पुन्हा कागद पडले होते आणि मी हरखून गेले होते.

वर्ष सरले. मुली सातवीत गेल्या, जैतुनाची तोडणी उरकली. आणि मतदानासाठी मला वर्गात आणून ठेवले त्या सकाळी फळ्यावर रघदच्या अक्षरात लिहिलेले दिसले: 'निवडणूक पुढे ढकलली आहे.'

इब्तिसामने विचारले, "का गं?"

"परिस्थिती योग्य नाही, मिस."

परिस्थिती अशी होती: व्हॉलीबॉलवरून दोन तुकड्यांत झिंज्या उपटण्यापर्यंत भांडण झाले होते. मुख्याध्यापिकांनी वैतागून मधल्या जिन्याचे दार बंद करून किल्ली स्वतःकडे ठेवली होती. 'ब' तुकडी वरच्या मजल्यावर, ती मागच्या जिन्याने आणि फाटकाने येई आणि जाई, अंगणात यायला तिला मनाई. 'अ' तुकडी खाली.

रघद गंभीरपणे म्हणाली, "'ब' च्या मुली खाली येऊ शकत नाहीत. त्यांच्याशिवाय निवडणूक घेतली तर आपल्यात कायमची फूट पडेल. तोवर जबाबदारी मीच सांभाळते."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

"परिस्थिती सुधारेपर्यंत. मिस, आपल्या राष्ट्राध्यक्षांनी पण असंच केलं ना? मग मी काय वाईट केलं?"

वर्गात कोणी हसले नाही. त्याहून वाईट म्हणजे, कोणाला नवलही वाटले नाही. बऱ्याच मुलींनी माना डोलावल्या. इब्तिसाम खुर्चीत बसली. मला फार वाईट वाटले. पोर लबाड नव्हती. तिने जे पाहिले तेच ती शिकली होती.

बाहेर अबू हातिम म्हणाला, "पोरगी हुशार. मोठ्यांना जमायला जन्म गेला, हिला एक वर्ष पुरलं!"

"थट्टा नको, काका. ही निवडणूक झाली नाही, तर मी यांना जन्मभर हेच शिकवलं असं होईल."

ती किल्ली मागायला गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आत्ता नको बाई, पुन्हा मारामाऱ्या होतील." दुसऱ्या दिवशी गेली, तेच. तिसऱ्या दिवशी ती हात हलवत वर्गात परतली तेव्हा सिवार नावाची मुलगी उठून उभी राहिली. सिवार एरवी बोलत नसे.

"मिस, मुली खाली येऊ शकत नाहीत ना? मग पेटी वर जाऊ दे. माझी आजी खिडकीतून टोपली सोडून पाव घेते, तशी."

रघद म्हणाली, "दोर तुटला तर?"

"तर पेटीला पोचा येईल. तिचं काय एवढं!"

मला जरा लागले ते बोलणे. पण मुलगी बरोबर बोलत होती.

रघदविरुद्ध सिवारच उभी राहिली आणि अबू हातिमने तोडणीचा दोर आणला. माझ्या कानांत गाठी मारल्या आणि वरून 'ब' तुकडी ओढू लागली. मी भिंतीला आपटत, गोल फिरत वर चालले. या वयात हे! खालून ओरडा, वरून ओरडा. ज्या मुलींनी एकमेकींच्या वेण्या ओढल्या होत्या, त्याच आता "सांभाळून गं, सांभाळून!" म्हणत होत्या. मुख्याध्यापिका खिडकीत आल्या, मला लोंबकळताना पाहिले आणि पडदा ओढून घेतला. वर मते पडली, मी खाली आले, खालच्यांनीही मते टाकली. अंगणात सगळ्यांसमोर मोजणी झाली. वरच्या खिडक्या डोक्यांनी भरून गेल्या होत्या.

सिवार थोडक्या मतांनी जिंकली.

निळा पट्टा रघदच्या खांद्यावर होता आणि तिने तो मुठीत घट्ट धरला होता. इब्तिसाम पुढे झाली नाही. अबू हातिमही हलला नाही. मीही श्वास रोखला, पत्र्याला रोखता येईल तेवढा.

रघदने पट्टा काढला आणि सिवारच्या गळ्यात घातला. मग डोळे पुसत तिने विचारले, "मिस, माजी अध्यक्ष काय करतात?"

इब्तिसामने अबू हातिमकडे पाहिले. त्याने टोपी काढून डोके खाजवले. इतकी वर्षे जगलेली ही दोन माणसे, पण कोणालाच ते माहीत नव्हते. कोणी कधी माजी अध्यक्ष पाहिलाच नव्हता.

शेवटी सिवारच म्हणाली, "काय करायचं! रांगेत ये आमच्या. तू उंच आहेस, मागे उभी राहा."

रघद जाऊन मागे उभी राहिली.

मित्रांनो, पेटीची निगा म्हणजे तिच्यावरची धूळ पुसणे नव्हे, साबणाने घासणे तर मुळीच नव्हे. तिच्यात वेळच्या वेळी मत टाका. आणि तुमच्या गावात कोणी माजी अध्यक्ष चारचौघांसारखा रांगेत उभा दिसला, तर त्याला जरा मान द्या. आमच्याकडे तसे माणूस एकच आहे, आणि ते सातवीत शिकते.