कडब्याचा कोप

"आई, थांब की. कोप कामून मोडायलीस?"

शिवराज बांधावरून धावत येईपर्यंत नागूबाईंनी दोन पेंढ्या उपसून बैलांपुढं टाकल्याही होत्या.

"वेळ अमावस्या काल झाली."

"उद्या हैदराबादच्या सहलीवाल्या कंपनीची माणसं यायलीत. कंपनीला आवडलं तर वरीसभर आपल्या चारी खोल्या भरत्यात. कोप दावतो, पुन्ना पूजा करतो म्हनलंय मी त्येंला."

"पुन्ना? लक्ष्मी घरची हाय आपल्या. नाटकातली न्हाई."

इथं गोष्ट अडवून कोप सांगायला हवा. खटकचिंचोळीकडं वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, भरल्या रानात कडब्याची खोप उभारतात. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव; त्यांच्यासोबत रानातल्या लक्ष्मीची पूजा. शेंगा-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील. वाटेनं जाणारा कुणीही असो, जेवल्याशिवाय सुटत नाही. नागूबाईंच्या सासरी दुसऱ्या दिवशी तोच कडबा बैलांना घालतात.

खोल्याही तशाच. रानातल्याच तांबड्या दगडाच्या. आंघोळीचं पाणी केळीला, उष्टं गाईला. हे कुणी ठरवलं नव्हतं, घरात चालतच होतं. शिवराजनं फक्त मुक्कामाची पाटी लावली आणि पाहुणे येऊ लागले.

गोष्ट पुढं. रविवार.

कंपनीच्या संपदा मॅडम गाडीतून उतरल्या. खोल्यांच्या गार भिंतींवर हात फिरवला, खूश झाल्या. मग रानात आल्या.

"कोप कुठाय?"

शिवराज जमिनीकडं बघू लागला. नागूबाईंनी बैलाच्या तोंडाकडं बोट केलं.

"त्यो काय. शेवटची पेंढी चालू हाय."

मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "फोटोपुरता परत बांधाल?"

"बांधू की. फुडच्या वेळ अमावस्येला. त्या दिवशी खोल्या भाड्यानं देत न्हाई आमी. पाव्हणी म्हनून ये, बाई. पोटभर आंबील पाजते."

"कळवते," मॅडम म्हणाल्या. गाडी गेली. फोन काही आला नाही.

चार दिवसांनी शिवराज रंगाचा डबा घेऊन पाटीपाशी बसला. नागूबाईंना वाचता येत नव्हतं.

"काय लिव्हायलास रे?"

"वेळ अमावस्येला खोल्या बंद. जेवण समद्यांला."

नागूबाई पदर सावरून पाटीशेजारी ताठ उभ्या राहिल्या, रंग वाळेपर्यंत. मागं रानात, कोपाच्या मोकळ्या जागी, पाच पांढरे दगड उन्हात बसले होते.