शिखरसाहेबांची न भाजलेली तार

आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना आम्ही मागून शिखरसाहेब म्हणतो. केसाएवढ्या काचेच्या तारेत आम्ही लेझरने बारीक रेघा कोरतो. त्या रेघा एकाच रंगाचा प्रकाश परत पाठवतात आणि पडद्यावर एक शिखर उभं राहतं. तार तापली की शिखर सरकतं, त्यावरून तापमान कळतं. साहेबांना सरकण्याशी देणंघेणं नाही, त्यांना फक्त उंची लागते.

रेघा ठसठशीत उमटाव्यात म्हणून तार आधी हायड्रोजनमध्ये मुरवतात. कोरून झाली की ती भट्टीत भाजायची. उरलासुरला वायू निघून जातो, कच्च्या रेघा पुसल्या जातात, पक्क्या तेवढ्या राहतात. पण भाजल्यावर शिखर थोडं खचतं, आणि तिथेच साहेबांच्या पोटात दुखतं. भट्टी माझ्याकडे असते.

"एवढं देखणं शिखर, आणि तू भाजायला निघालीस?"

"साहेब, वायू आत राहिला तर गरम जागी तो हळूहळू बाहेर पडेल. शिखर आपोआप सरकेल आणि तापमानाचा आकडा रोज खाली येत जाईल."

"गिऱ्हाईक पहिल्या दिवशीचं शिखर बघतं," साहेब म्हणाले.

तारा कच्च्याच गेल्या, एका कारखान्यात, गरम तेलाच्या नळीवर बसवायला. त्या नळीवर राखणीला माझाच धाकटा भाऊ. माझं नशीब असं कधी चुकत नाही.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, तेल नेहमीसारखंच तापलंय, पण पडदा म्हणतो थंड होतंय. मालक म्हणतात मी तेल तापवण्यात कामचुकारपणा करतो. उद्या तुमचे साहेब येणार आहेत. ते पडदा बरोबर आहे म्हणाले की मला घरीच बसवणार."

"नळीवरचा तापमानाचा जुना काटा बघ ना."

"तो काढून टाकला. साहेबांनीच सांगितलं, आता गरज नाही."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी कोणी न बोलावता मी साहेबांच्या गाडीत जाऊन बसले.

तार चिकटवली होती तिथे नळी वेष्टणाविना उघडीच होती. भाऊ भिंतीला टेकून उभा, चेहरा उतरलेला. पडद्यावर शेहेचाळीस अंश. साहेब घाम पुसत म्हणाले, "यंत्र चुकत नाही, माणूस आळशी असतो." मालकांनी मान डोलावली.

मी म्हटलं, "शेहेचाळीस म्हणजे अंघोळीच्या पाण्याहून थोडं जास्त. साहेब, मालकांना जरा नळीवर हात ठेवून दाखवा."

साहेबांचे दोन्ही हात पाठीमागे गेले. मालक त्या हातांकडे बघत राहिले. मग शांतपणे भावाला म्हणाले, "जा, तो जुना काटा शोधून आण."

काटा एकशे चाळीसवर जाऊन थांबला. भावाने माझ्याकडे पाहिलं, आणि मला रडूच आलं.

परतताना गाडीत साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्यापासून भाज. पण थोडंच हं, शिखर सांभाळून."