सोळा भोकांची पट्टी

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. हातभर लांब, दोन बोटं रुंद, एका टोकाला चीर गेलेली. मित्रांनो, गाणारे लोक ‘पट्टी’ म्हणजे गाण्याचा सूर असं समजतात, हे मला फार उशिरा कळलं. माझा जन्म काही सुरासाठी झाला नव्हता. परळच्या एका कापडगिरणीत साडीचा काठ विणण्यासाठी मला घडवलं होतं.

गिरणीत मागाला साचा म्हणत. साच्याच्या डोक्यावर डॉबी नावाचं एक यंत्र असे. माझ्यासारख्या पुष्कळ पट्ट्या साखळीत ओवून त्या यंत्रावर माळेसारख्या फिरवत. माझ्या अंगावर सोळा भोकं होती. हव्या त्या भोकात लाकडी खुंटी ठोकायची. खुंटी आली की सुतं वर उचलली जात, मोकळं भोक आलं की खाली राहत, आणि त्या वरखालीतून साडीच्या काठावर करवतीचे दात उमटत. साच्यांच्या खात्यात कापसाचे तंतू हवेत तरंगत असत, भर दुपारी चांदणं पडल्यासारखं वाटे. मी गोल गोल फिरे आणि अर्धवट झोपेत असे. आपण काय विणतो आहोत, ते मला कधी दिसलंच नाही.

आमचा साचेवाला दौलत, देवगडकडचा. एक दिवस मला चीर गेली आणि खात्याच्या मुकादमाने, जॉबरने, मला मोडीत टाकलं. दौलत म्हणाला, “मी नेऊ काय ही? घरात खुंटाळा होयत.” जॉबरने मान डोलावली, आणि मी लालबागच्या चाळीत भिंतीवर जाऊन बसले.

माझ्या खुंट्यांवर आता किल्ल्या, पिशवीचा दोरा आणि अंबिकाच्या रिबिनी लटकू लागल्या. अंबिका ही दौलत आणि कौसल्याची एकुलती एक मुलगी. ती लहान असताना गोवर आला आणि जाताना तिचे डोळे घेऊन गेला. ती भिंत चाचपत यायची, माझ्या खुंट्यांवरून बोट फिरवायची आणि कुणालाही न विचारता आपली रिबीन काढून न्यायची. तेव्हापासून तिचं बोट मी ओळखते.

पुढे गिरण्यांचा संप झाला. भोंगे गप्प झाले आणि चाळीला वेळ कळेनाशी झाली. दौलत सवयीने पहाटे उठे, आंघोळ करून शर्ट घाली आणि मग दारातच बसून राही. अशाच एका दुपारी अंबिका शाळेतून आली ती हुंदके देतच.

“काय झाला गो?” दौलतने विचारलं.

“बाबा, गाण्याच्या ताई फळ्यावर ताल लिहितात. पोरं बघून टाळी देतात. माझी टाळी सगळ्यांच्या मागून येते. मग हसतात मला.”

“मगे ऐकान दी.”

“ऐकूनच देते ना! म्हणून तर मागून येते.”

दौलतने तिला जवळ ओढलं. मग म्हणाला, “किती मात्रांचो ताल तो?”

“तीनताल. सोळा.”

त्याने वर माझ्याकडे पाहिलं. उठून मला खिळ्यावरून काढलं, रिबिनी बाजूला ठेवल्या आणि माझ्या सगळ्या खुंट्या उपटल्या. टाळी कुठे, खाली म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा कुठे, हे अंबिका सांगत गेली आणि तो ठोकत गेला. टाळीच्या जागी उंच खुंटी, बाकी मात्रांना बुटकी, आणि नववं भोक मोकळं. मग त्याने तिचं बोट माझ्या पहिल्या खुंटीवर ठेवलं.

बोट चालू लागलं. नवव्या जागी ते अलगद आत गेलं आणि अंबिका ओरडली, “बाबा, खाली! खाली खरंच खाली आहे!”

इतकी वर्षं माझ्यावरून लोखंड फिरलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा कुणी तरी मला वाचलं.

गाण्याच्या पुढच्या तासाला तिची टाळी सगळ्यांच्या टाळीत मिसळून गेली. गाण्याच्या शिक्षिका कमलताई, गिरगावात राहणाऱ्या. त्यांच्या ते लक्षात आलं. संध्याकाळी त्या चाळीचे जिने चढून आल्या आणि मला हातात घेऊन उलटसुलट बघत राहिल्या.

“दौलतराव, छान केलंत. पण हा ताल झाला. उद्या हिला एखादी बंदिश लिहून ठेवायची असेल, तर स्वर कुठे बसवायचे?”

दौलतने प्रयत्न केला. सा बुटका, रे थोडा उंच, ग त्याहून उंच अशा खुंट्या तो तासत बसला. पण कोमल आणि शुद्ध यांतला फरक बोटाला लागेना, खुंट्या डुगडुगत, पोरीच्या बोटात कुसळं जात. शेवटी तो हसला आणि मला खाली ठेवून म्हणाला, “ताई, माका काठ विणूक येता. गाणा नाय.”

“याला लिपी आहे,” कमलताई म्हणाल्या. “ब्रेल. सहा ठिपक्यांत सगळे स्वर मावतात. मला ती येत नाही. पण शिकता येईल.”

“कोण शिकतली? अंबी?”

“आम्ही दोघी.”

दादरला अंध मुलींची एक शाळा होती. तिथे जाईबाई नावाच्या शिक्षिका होत्या, स्वतः अंध. दर शनिवारी दोघी तिथे जाऊ लागल्या. मी घरीच असे. परत आल्यावर अंबिका आईला सांगे, “जाईबाई म्हणतात, ताईंची बोटं अजून झोपेत आहेत.” आणि मायलेकी खूप वेळ हसत. संपाच्या त्या दिवसांत आमच्या खोलीत हसू यायचं ते शनिवारीच.

संप नेमका कधी मिटला, ते कुणालाच सांगता येत नाही. जुन्या धोतरासारखा तो विरत गेला. दौलतला गिरणीने परत घेतलं नाही. कॉटन ग्रीनच्या गोदामांत हमाली मिळते का बघून आला, तीही नव्हती. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, “गावाक जावया. थोडी आंब्याची झाडां आसत, शेत आसा.”

कौसल्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “आणि अंबीच्या गाण्याचा काय?”

“गाण्यान पोट भरता?”

“नाय भरणा. पण गावाक घरात बसान तिचा काय होतला, ता माका सांगा. तुमी जावा. मी हंयसर रवतंय. चार घरचो स्वैपाक करीन.”

 तांदळातून खडा निघून ताटलीवर पडला, तेवढा आवाज झाला. जायच्या दिवशी सकाळी दौलतने माझ्या खुंट्या एकेक करून घट्ट केल्या आणि मला अंबिकाच्या हातात दिलं. “सैल झाली तर ताईंक सांग ठोकूक,” एवढंच म्हणाला आणि एसटी पकडायला गेला.

मित्रांनो, त्यानंतर माझे दिवस पालटले. अंबिकाच्या हाती ब्रेलची पाटी आणि टोचणी आली. जाड कागदावर ती बंदिशी उतरवू लागली. मी सोळा मात्रांपलीकडे काय सांगणार? कौसल्याने मला खिडकीला अडकण म्हणून लावलं. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण खिडकीत बसून अंबिकाचा रियाज ऐकताना मला पुन्हा ती जुनी गुंगी येई. बाहेर धूर नसलेली धुराडी उभी असत. पावसाने मी फुगत असे, उन्हाने आकसत असे. दौलत दिवाळीला गावाहून येई, आमसुलं आणि फणसाची वाळवलेली साठं घेऊन, आणि लेकीचं गाणं ऐकता ऐकता भिंतीला टेकून झोपून जाई. त्या स्वरांत अंबिका मोठी झाली, विशारद झाली आणि परळच्या एका शाळेत गाणं शिकवू लागली.

एव्हाना अंध मुलं साध्या शाळांत येऊ लागली होती. त्यांना गाणं कसं शिकवायचं, हे शिक्षकांना मात्र कुणी शिकवलं नव्हतं. कमलताईंचे केस पिकले होते. त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत गाण्याच्या शिक्षकांसाठी शिबिर भरवलं आणि अंबिकाला म्हणाल्या, “शिकवायचं तू.”

“ताई, ते सगळे माझ्याहून मोठे. माझं कोण ऐकणार?”

“मी ऐकेन. पहिल्या बाकावर बसते.”

निघताना अंबिकाने अचानक हात घालून मला खिडकीतून ओढून काढलं. तावदान धाडकन आपटलं. “अगो, खिडकी!” कौसल्या ओरडली. पण मी पिशवीत पोचले होते.

शिबिराच्या पहिल्याच सकाळी एक बाई उत्साहाने म्हणाल्या, “आपण सगळे डोळ्यांना रुमाल बांधू या, म्हणजे आंधळेपण काय ते कळेल.”

“नको,” अंबिका म्हणाली. “त्याने तुम्हाला अंधाराची भीती कळेल. मी काही दिवसभर घाबरलेली नसते. मला फळा वाचता येत नाही, एवढंच आहे.”

तेव्हा मागून एक भरदार आवाज आला. राजाराम सरांचा. तबला आणि पेटी दोन्हीत मुरलेला माणूस. “अंबिकाबाई, आपली विद्या गुरुमुखातून येते. अंध माणसाला देवाने कान दिलेत. त्याला लिपी कशाला?”

सभागृहात माना डोलल्या. अंबिकाचा हात टेबलावर माझ्यावर होता. तिने माझं नववं भोक चाचपलं.

“सर, शिकलेली बंदिश तुम्ही कधी विसरता?”

“विसरतो की. मग वही उघडून बघतो.”

“मला ती सोय नव्हती. ताईंनी सांगितलेलं सगळं डोक्यात धरून झोपावं लागायचं. सकाळी एखादी ओळ निसटली, की पुढच्या तासापर्यंत ती गेलीच. तुमच्यासारखं मलाही निर्धास्त विसरता यायला हवं होतं, सर. म्हणून लिपी.”

 राजाराम सर ठिपके शिकायला बसले. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. तबल्याने त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, बारीक ठिपके लागतच नव्हते. त्यांनी पिशवी उचलली. “माझ्याने व्हायचं नाही. उगाच तुमचा वेळ जातोय.”

अंबिकाने मला त्यांच्या पुढ्यात सरकवलं. “जायच्या आधी हिच्यावर हात ठेवा.”

ते जाड बोट माझ्यावरून निघालं. पाचव्या खुंटीशी अडखळलं, नवव्या भोकात बुडालं आणि थांबलं. “अरे! तीनताल!” ते मोठ्याने हसले. मग त्यांनी स्वतःच माझ्या खुंट्या उपटल्या आणि झपताल बसवला. नंतर रूपक. माझ्या म्हाताऱ्या लाकडात कळा आल्या, पण मी हूं की चूं केलं नाही. सरांची पिशवी परत बाकाखाली गेली.

पुढच्या दिवसांत शिक्षकांनी शिकवून बघावं म्हणून अंबिकाच्या शाळेतली काही मुलं बोलावली. त्यांत मच्छीमार नगरच्या कोळीवस्तीतली शांती होती, जन्मापासून अंध, दोन घट्ट वेण्या, जीभ तिखट. राजाराम सर फळ्याशी उभे राहिले. “हे बघा. इथून असं वर जायचं, मग असं खाली.”

“सर, असा म्हंजी कसा?” शांती म्हणाली. “मना दिसत नाय.”

मुलं हसली. सरांचा कान लाल झाला. त्यांनी अंबिकाकडे पाहिलं, पण ती मुद्दाम गप्प राहिली. शेवटी त्यांनी खडू खाली ठेवला. “सा, रे, ग. ‘ग’वर थांबायचं. मग ग, रे, सा.” तोंडाने स्वच्छ सांगितल्यावर मागच्या बाकावरची, फळा नीट न दिसणारी पोरंही सरसावून बसली.

शेवटच्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने एक ओळ ब्रेलमध्ये लिहायची आणि मुलांनी ती वाचून गायची, असं ठरलं. ब्रेल लिहिताना कागद मागून टोचायचा असतो. ठिपके दुसऱ्या बाजूला उठतात. म्हणून उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं टोचावं लागतं. राजाराम सर उत्साहाच्या भरात ते साफ विसरले. त्यांनी सगळी ओळ सरळ लिहिली आणि मोठ्या ऐटीत शांतीच्या हाती दिली.

शांतीचं बोट फिरलं. पुन्हा फिरलं. “सर, ह्यान तं कायच नाय.”

 सर उभ्या उभ्या लहान झाले. अंबिकाला चूक लगेच कळली होती. प्रत्येकाकडून ती एकदा होतेच. ती सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात शांतीचं बोट थबकलं.

“थांबा! ह्यो एक हाय. ग. ग बरोबर हाय, सर.”

सहा ठिपक्यांत ‘ग’ असा बसतो, की कुठूनही टोचा, तो ‘ग’च राहतो. बाकीची ओळ उलटी होऊन विस्कटली होती. तो एकटा जागेवर उभा होता.

“एक तरी पोचला ना?” सरांनी विचारलं.

“पोचला.”

“मग तोच गा, पोरी.”

राजाराम सरांनी पेटीवर सा धरला. शांतीने तो ग, म्हणजे गंधार, लावला. एकच स्वर, पण कुठेही न हलता. मग कमलताईंनी पहिल्या बाकावरून त्यात स्वर मिसळला, मग सगळ्या शिक्षकांनी, मुलांनी. अंबिका गात होती आणि तिचे डोळे वाहत होते. तो गंधार टेबलातून माझ्या अंगात आला, चिरेपर्यंत गेला. उभ्या आयुष्यात मी इतकी जागी कधी नव्हते.

मग सरांनी नवा कागद घेतला.

मित्रांनो, आता मी परळच्या त्या शाळेत गाण्याच्या खोलीत असते. मध्यंतरी एक गृहस्थ आले होते. गिरण्यांच्या आठवणींचं प्रदर्शन भरवायचं होतं त्यांना, मला काचेच्या पेटीत ठेवणार होते. अंबिका म्हणाली, “काचेत ठेवलीत तर आमची मुलं हिला बघणार कशी?” ते ओशाळले आणि चहा पिऊन गेले.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. गाण्याचं, धड्याचं, कसलंही पान तुमच्या हाती आलं, तर जरा शेजाऱ्याकडे बघा. त्याला ते वाचता येतंय का? नसेल, तर वाचून दाखवा. आणि तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या हातात त्याचं पान येईपर्यंत मोठ्यांच्या मागे लागा. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू कुठे दिसली, तर लांबून बघून जाऊ नका. हात लावा. आम्हाला हातांचीच सवय आहे.