आतल्या खोलीतलं औषध

हॉलच्या दारापासून निघालेली रांग पार कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोचली होती. काहींच्या हातात कुत्र्याचा पट्टा, काहींच्या हातात तपासण्यांची फाईल. आत उंच खुर्चीत स्पर्शगुरू बसलेले. कुत्र्याच्या गाठीवर हात फिरवत ते डोळे मिटून सांगत, की मालकाचं पाप या मुक्या जिवानं अंगावर घेतलंय, आता मी ते माझ्या तळहातात ओढून घेतो. मग त्यांचा मदतनीस कुत्र्याला 'शांत करायला' आतल्या खोलीत नेई. अशा चारदोन खेपा झाल्या की गाठ विरघळे.

गाठी खरंच विरघळत होत्या. मी जनावरांची डॉक्टर. माझ्याच दवाखान्यात आधी येऊन गेलेली कुत्री मी ठणठणीत झालेली पाहिली होती. त्यामुळे माझी चिडचिड आणखीच व्हायची, कारण त्या रांगेत फाईल घेऊन माझी वहिनीही उभी राहत होती.

वहिनीच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली होती. सर्जननं ऑपरेशनची तारीख दिली. ती तिनं पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. तिची श्रद्धा आहे, मी काय बोलणार, असं म्हणून दादा गप्प बसला. मी समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. वहिनी शांतपणे ऐकून घ्यायची आणि ठरल्या दिवशी हॉलवर जायची.

एकदा भांडी पुसता पुसता तिनं खरं कारण सांगितलं. "आईंच्या शेवटच्या आजारात मी कंटाळले होते गं. एकदा मनात आलं, सुटू देत बिचाऱ्या. तेच आता बाहेर आलंय."

अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईची कूस बदलणारी, तिला भरवणारी हीच. त्या माणसानं तिचा थकवा हेरला होता आणि त्याला पापाचं नाव देऊन टाकलं होतं.

मी तिला कुत्र्यांच्या गाठीबद्दल सांगायला बसले. हा कॅन्सरच, पण जगावेगळा. याच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात, संगातून, हुंगण्या-चाटण्यातून. काही हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा एका कुत्र्याला ही गाठ झाली. तो कधीच मेला, पेशी मात्र नव्या नव्या अंगात रुजत राहिल्या. शरीराच्या पहाऱ्यात ज्या सापडल्या त्या संपल्या. ज्या निसटल्या त्यांचाच वंश वाढला. वेगवेगळ्या घरच्या कुत्र्यांच्या गाठींचे तुकडे आणि त्यांचं रक्त मी कॉलेजमधल्या माझ्या बाईंकडे तपासायला पाठवलं होतं. एकाही गाठीचा जनुकीय ठसा ती गाठ अंगावर असलेल्या कुत्र्याशी जुळला नाही. सगळ्या गाठी आपापसात मात्र सख्ख्या निघाल्या. म्हणजे ज्याचं त्याचं पाप वगैरे काही नाही. सगळ्यांच्या अंगावर त्या एकाच कुत्र्याच्या पेशी.

वहिनीनं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "असेल. पण त्यांचा हात लागला की ती जाते ना?"

याचं उत्तर मिळालं ते आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या कुत्रीमुळे. स्पर्शगुरूंकडे जाऊन तिची गाठ आटत आली होती, पण पुढच्या पायाची कातडी काळी पडून झडत होती. मी पाय उजेडात धरला. शिरेवरचे केस भादरलेले होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. केमोथेरपीचं एक औषध आहे. शिरेतून दिलं की बहुतेक कुत्र्यांची ही गाठ जाते; शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी मरते.

मी शिंपीणबाईंना हे सांगितलं. आतल्या खोलीत काय चालतं ते स्वतः बघायचं त्यांनी ठरवलं. पुढच्या खेपेला मीही हॉलवर गेले, वहिनीशेजारी जाऊन बसले. मदतनीस कुत्रीला आत न्यायला लागला, तशा शिंपीणबाई उठून त्याच्या मागोमाग आत शिरल्या. थोड्याच वेळात त्या बाहेर आल्या त्या एका हातात सिरिंज आणि दुसऱ्या हातात औषधाची कुपी घेऊन. कुपी त्यांनी माझ्या हातात दिली. मी लेबल मोठ्यानं वाचलं आणि हे औषध काय करतं ते सगळ्यांना सांगितलं.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. स्पर्शगुरू मात्र हसले. "औषध हे नुसतं वाहन आहे, डॉक्टर. ऊर्जा माझी."

आणि माना डोलल्या. हो, डोलल्या. एका निवृत्त मास्तरांनी तर मलाच सुनावलं, की कुत्री बरी होताहेत ना, मग कशाला खोडा घालता. ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला त्यांनीच मला वेड्यात काढलं.

तेवढ्यात वहिनी उठून उभी राहिली. तिचा आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीतला होता.

"मग मला त्या खोलीत एकदाही का नेलं नाहीत?"

"तुमची श्रद्धा मोठी आहे, ताई. तुम्हाला वाहनाची गरज नाही."

"म्हणजे कुत्र्यांना औषध, आणि मला नुसता हात."

त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. बोलणार काय? कुत्रं दगावलं तर कुणी पोलिसात जात नाही. माणसाच्या शिरेत सुई खुपसायची त्यांची छाती नव्हती. बरी झालेली कुत्री ही त्यांची जाहिरात होती. ती पाहून फाईलवाली माणसं येत, आणि त्यांच्या वाट्याला फक्त हात येई. माणसाचा कॅन्सर त्याच्या स्वतःच्याच पेशींतून उठतो. त्याचे प्रकार वेगळे, त्याचे उपचार वेगळे. कुत्र्याच्या गाठीवरून त्याचं काहीच सिद्ध होत नाही.

वहिनी फाईल घेऊन बाहेर पडली. तिच्यामागून आणखी काही फाईलवाले उठले. सगळे नाही उठले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सर्जनकडे गेलो. गाठ काखेपर्यंत पोचली होती. इलाज आहे, पण आता तो लांबचा आणि त्रासाचा, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या तारखेला आला असतात तर एवढं करावं लागलं नसतं, असंही म्हणाले. दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. वहिनीनं एवढंच विचारलं, की सुरुवात कधी करायची.

तिचे उपचार आता चालू आहेत. स्पर्शगुरू दुसऱ्या भागात गेले आहेत आणि तिथेही रांग लागते, असं कानावर येतं. मी त्यांच्याविरुद्ध आरोग्य खात्याकडे तक्रार केली आहे. उत्तराची वाट पाहते आहे.

म्हणून हे लिहिते आहे. आजार ही शिक्षा नव्हे. कुणी बरं झालं असं कानावर आलं तर विचारा: कोण बरं झालं, कशानं झालं, त्याचा आजार माझाच होता का? प्रश्न विचारल्यानं कुणाची श्रद्धा दुखावली तर दुखावू द्या. पण अंगात गाठ जाणवली तर कुणाच्या हाताची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.