चहाची हाक आणि फिरतं पातं

लिंडसे पास्को दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा चहामुळे.

टास्मानियातल्या एका छोट्या गावात निवृत्तांची सुतारशेड होती. तिथे कुणीही रंधा मारावा, हातोडी उचलावी. पण टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीला एरल व्हिटब्रेडची परीक्षा दिल्याशिवाय हात लावायचा नाही. एरलने जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवलेलं, स्वभाव खाष्ट. परीक्षा तो मुद्दाम चहाच्या वेळी घ्यायचा. हाक आली आणि पातं फिरत असताना मान वळली, की नापास.

लिंडसेने उभा जन्म बस चालवली होती. मागून आवाज आला की आरशात बघायला त्याची मान वळायचीच. दोन्ही वेळा एरलने गुडघ्याने करवत बंद करायचं लाल बटण दाबलं आणि म्हणाला, "दहा बोटं घेऊन आलायस, दहाच घेऊन जा."

लिंडसेकडे वडिलांनी जपलेली, ह्यूऑन पाइन या दुर्मिळ लाकडाची एकच फळी होती. तिचा पाळणा करायचा होता, नातीच्या होणाऱ्या बाळासाठी. "आण इकडे, मी कापून देतो," असं शेडमधले सगळे म्हणून झाले. पण ती फळी दुसऱ्याने कापायची म्हटलं, की तो ती उचलून परत कोपऱ्यात ठेवायचा.

तिसऱ्या खेपेला त्याने बाह्या दुमडल्या, चष्मा चढवला. परीक्षेच्या टाकाऊ तुकड्याच्या जाडीपेक्षा पातं जरासंच वर ठेवलं, पात्यावरचा आडोसा खाली घेतला. लाकूड उलटं उसळलं तर अंगावर येऊ नये म्हणून पात्याच्या रेषेतून बाजूला उभा राहिला. तुकडा सरळपट्टीला टेकवून पुढे सरकवला, शेवटी बोटं लांब राहावीत म्हणून ढकलकाठी घेतली.

"लिंडसे! चहा झालाय, लॅमिंग्टन केक संपतायत!"

आवाज बायकोचा, बेरिलचा. आजची चहाची पाळी एरलने तिला दिली होती.

मान वळली नाही. तुकडा पार झाला, बटण बंद झालं. पातं पुरतं थांबेपर्यंत लिंडसे तसाच उभा राहिला. एरलने कापलेल्या कडेला काटकोन तपासायचा गुण्या लावला, निरखून पाहिलं आणि म्हणाला, "पास."

बेरिल दारातच हसत सुटली. "यात कसली परीक्षा रे एरल? बावन्न वर्षं हाका मारतेय, याची मान कधी वळली नाही. मला आधीच बोलवायचंस."

शेड खदखदून हसली. लिंडसे कानापर्यंत लाल झाला.

"ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "पातं फिरत होतं, बेरिल. तुझ्याकडे बघायचा मोह आवरणं सगळ्यात अवघड गेलं."

बेरिलचं हसू थांबलं. हातातली ताटली तिने रंध्याशेजारी ठेवली आणि कोपऱ्यातली लिंडसेच्या वडिलांची फळी स्वतः उचलून आणली.

"काप," ती म्हणाली. "चहा गार झाला तर परत करीन. आज मी हाक मारणार नाही."

आणि पातं थांबेपर्यंत तिने खरंच हाक मारली नाही.