शिदोरीचा खिळा

“आत्या, तिथी तुह्यं कोनी होतं का?”

विचारलं एकदाचं! दिव्यानीने मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून मेंदीच्या कुंपणाकडे पाहिलं. पलीकडे अंजुम आणि सुगंधा तोंडात ओढण्या कोंबून उभ्या होत्या. पैज दोन समोशांची होती, आणि नववीतली दिव्यानी पैजेला मागे हटणाऱ्यांतली राहिली नव्हती. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने वकिलाचं काम केलं, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला लगामच उरला नव्हता. मागच्या आठवड्यात तर ती सरपंचालाही नळाचं विचारून आली होती.

अंगणात उकिडवी बसून ललिता जुन्या टोपलीला शेणमाती लिंपत होती. बांबूच्या काड्यांमधली एकेक फट बोटाने बुजवत होती. हात न थांबवता ती म्हणाली,

“होती ना. एक म्हातारी.”

“म्हातारी नाई वं! माहा मतलब...”

“तुहा मतलब समजला मले. दोन मतलब तिकडे कुंपनात उभे हायेत. त्याईले म्हनाव घरी जा, डास फोडून काढतीन.”

कुंपणापलीकडे खिंकाळल्यासारखं हसू फुटलं आणि चपला फटफटत दूर गेल्या. दिव्यानीही हसली. मग आत्याजवळ सरकून बसली.

“सांग ना मंग. म्हातारीचं.”

“काय सांगू? कुवेतात बारा वर्षं तिलेच न्हाऊ घातलं, तिलेच खाऊ घातलं. शेवटी शेवटी सोताच्या पोराईचे नाव इसरली बिचारी. पन रोज संध्याकाळी मले इचारे, तुह्यं तिकडे काय हाये? मी सांगो, एक झाड हाये. दुसऱ्या दिवशी पुन्हा इचारे. मी पुन्हा सांगो. मोह कसा फुलते, पहाटे कसा टपटप पडते. तिले रोज नवंच वाटे.” ललिताने टोपली उन्हाकडे धरून फटी पाहिल्या. “मेली मंग. म्हतलं, आता आपल्या झाडापाशी जावं.”

ते झाड सगळ्या गावाला ठाऊक होतं. नवऱ्याने सोडल्यावर ललिता माहेरी आली, तेव्हा तिच्या बापाने, डोमाने, चार माणसं बसवून सांगितलं होतं: धानाच्या बांध्या तिच्या भावाच्या, हेमराजच्या, पण शेताच्या बांधावरचा, धुऱ्यावरचा मोह ललिताचा. या भागात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असू शकतं, आणि ज्याचा मोह त्यानेच खाली वेचायचा. दुसऱ्याला वेचायचंच असेल तर मालकाला विचारून, अर्ध्या वाट्याने. न विचारता कोणी दुसऱ्याच्या मोहाखाली बसलं, तर त्याला गावात चोरच म्हणतात.

कुवेतहून फोन आला की आत्याचा पहिला सवाल ठरलेला. “यंदा मोह कसा फुलला रे?” आणि बाबांचं उत्तरही ठरलेलं. “लय फुलला वं बाई. धुरा पांढरा झाला.” तिचा बाप गेला तेव्हाही तिला येता आलं नव्हतं. त्या वेळी ती फोनवर खूप रडली, आणि रडणं सरल्यावर पुन्हा तेच विचारलं होतं.

“उद्या जाईन मी मोहाखाली,” ललिता म्हणाली.

पडवीत दिव्यानीचा बाप हेमराज बसला होता. त्याने बशीतला चहा फुंकला. “उन्ह लय तापून राह्यलं बाई. परवा जाऊ. मीच नेतो तुले.”

“आठ दिवस झाले, तुहा परवा काही येऊन नाई राह्यला.”

खिडकीत ठेवलेला तिचा मोबाईल घुरघुरला. तिने शेणाच्या बोटाने फोन कापला. कुवेतात कामाला पाठवणाऱ्या एजन्सीतल्या बाईचा होता. तिथे आणखी एक म्हातारी होती, आणखी एक खोली होती. चुलीजवळून दिव्यानीची आई, रीता, हळूच म्हणाली,

“उचलून तं पाहा बाई. चांगलं काम असन. इथी काय करमनार हाये तुमाले?”

ललिता पुढची फट बुजवू लागली. तिला परत जायचं नव्हतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि म्हणूनच कोणी विचारत नव्हतं. तिचं अंथरूण धानाच्या पोत्यांजवळ पडत होतं, तिची बॅग अजून खाटेखाली बांधलेलीच होती. दिव्यानीने मात्र मनात ठरवून टाकलं होतं की आत्या राहणार. दहावीचं वर्ष आत्याच्याच कुशीत झोपून काढायचं, आणि अरबी शिव्या शिकायच्या त्या वेगळ्या.

*

पहाटे आईच्या आवाजाने तिला जाग आली.

“आवो, बाई नाई घरात! टोपली बी नाई!”

हेमराज उठून बसला. ललिता कुवेतला गेली तेव्हा लोक अंधारात एकटे मोहाला जात. आता उजाडल्याशिवाय कोणी घर सोडत नाही. जातात तेही पाच-सहा जण मिळून, डबे वाजवत. मागच्याच उन्हाळ्यात कालव्याच्या, नहराच्या अंगाला वाघाने एकाला ओढलं होतं. हे आत्याला सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं. हेमराज सदरा शोधू लागला. तेवढ्यात दिव्यानीने ताट आणि पळी उचलली आणि ती सुटली.

“पोरी, थांब!”

कोण थांबतं! ताट बडवत ती पांदणीच्या वाटेने धावली. पूर्वेकडे फटफटलं होतं. नहर ओलांडला, तेव्हा मोहाचा गोड, जड वास नाकात शिरला, आणि पलीकडच्या उंच धुऱ्यावर तिला आत्या दिसली.

झाडाखालचा पाचोळा झाडून तिने जागा अंगणासारखी केली होती. फुलं टपटप पडत होती, आणि ललिता दोन्ही हातांनी वेचत होती. बारा वर्षांत बोटं काहीच विसरली नव्हती. टोपली अर्धी भरत आली होती. दिव्यानीने आत्याला इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि ती काहीतरी गुणगुणत होती.

“वाजोत काऊन येऊन राह्यली? वरात हाये का?”

“वाघ हाये इथी, आत्या!”

“राहू दे. त्याले बी फुलं लागतीन.” ती हसली. “मले वाटलं सापडनार नाई. नहरानं सारं उलटंपालटं करून टाकलं, पहिलेच्या बांध्याच नाई राह्यल्या. मंग ह्या फोटोवरून सापडला.”

तिने पदराला हात पुसून मोबाईल दिला. फोटोत बहरलेला मोह होता आणि त्याच्याखाली गुलाबी फ्रॉक घातलेली, दोन दात पडलेली दिव्यानी. तिला तो दिवस आठवला. फ्रॉक टोचत होता आणि बाबा म्हणत होते, “हास ना, आत्याले पाठवाचा हाये.” मागची दोन फाट्यांची दुबेळकी फांदी तीच होती. आताही ती डोक्यावर होती.

“फक्त खिळा नाई सापडून राह्यला,” ललिता म्हणाली. ती खोडावरून तळवा फिरवू लागली, जशी म्हशीच्या पाठीवरून फिरवावी. “मी तुह्याहून लहान होती. शिदोरीले मुंग्या लागत म्हनून बाबानं हा एवढा खिळा ठोकून देल्ला होता. इथीच पाह्यजे, माह्या छातीएवढ्या उंचीवर.” तिने पुन्हा एकदा सगळं खोड चाचपलं. “गिळला असन झाडानं. झाड गिळते लोखंड.”

“कोन हाये वं तिथी? माह्या मोहाखाली कोन बसलं?”

धुऱ्यावरून रुखमाबाई येत होती, मागे तिच्या दोन सुना, कमरेला टोपल्या. जवळ येऊन तिने डोळ्यांवर हात धरला.

“लली? अव्वा माय! कुवेतात सोन्याच्या इटा उचलल्या म्हने, आन् इथी माह्या फुलाईवर डोळा?”

सुना हसल्या. ललिताही हसली. “मावशी, म्हातारी झाली तू. हा माहा मोह हाये.”

“तुहा? माह्या सासऱ्याच्या हातचा मोह हाये हा. तुहा तं तिकडे नहराच्या अंगाले होता.”

“हे पाह्य, फोटो हाये.”

रुखमाबाईने फोटो लांब धरून पाहिला. मग दिव्यानीकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे. तिच्या चेहऱ्यावरची सगळी थट्टा उतरली.

“नहराच्या अंगाले ‘होता’ म्हतलं तू,” ललिता म्हणाली.

“हेमराजले इचार बाई. मी काय सांगू.”

मोह पडतच होता. एक फूल ललिताच्या केसांवर पडून अडकलं. ती खाली वाकली, आपली टोपली उचलली आणि रुखमाबाईच्या रिकाम्या टोपलीत ओतली. सगळी. तळाशी चिकटलेली फुलंसुद्धा बोटांनी काढून टाकली.

“असं नको करू लली. येचले ना तू. अर्धे तुहे. उद्या बी ये, अर्ध्यानं येच.”

“नाई मावशी,” ललिता म्हणाली. “चुकलं माह्यं. झाड नाई ओळखलं.”

*

परतताना दिव्यानीने ताट वाजवलं नाही. नहराच्या अंगाला आत्या क्षणभर थांबली. तिथे काहीच नव्हतं. मातीचा भराव होता, त्यावर बेशरमाची झुडपं. ती पाहत उभी राहिली नाही. दिव्यानीला खूप काही बोलायचं होतं. संमेलनातल्या वकिलाजवळ तर भाषणच्या भाषण होतं. पण ती ताट छातीशी धरून आत्याच्या मागोमाग चालत राहिली.

पांदणीतच हेमराज भेटला, काठी घेऊन निघालेला. बहिणीला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याला तिच्या हातातली रिकामी टोपली दिसली. तो मागे वळला आणि दोघींच्या पुढे चालू लागला. घरी आल्यावर रीताने त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने कप उचलला नाही.

ललिताने पाय धुतले. “चहा हाये का वं रीता?” एवढंच म्हणाली.

दिव्यानी दाराशीच थांबली होती.

हे घर ती दुसरीत असताना बांधलं. भिंती आत्याने पाठवलेल्या पैशांतून उभ्या झाल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्या आली त्या दिवशी बॅग हातात घेऊनच तिने दाराच्या जाडजूड चौकटीवर तळवा ठेवला होता. “मजबूत हाये रे. सागाची का?” “सागाचीच,” म्हणत बाबा बॅग घेऊन घाईने आत गेले होते. त्या चौकटीला एकच खोड होती. डाव्या खांबावर, दिव्यानीच्या खांद्याजवळ, एक काळा डाग होता. बाबा दर दिवाळीला त्यावर हिरवा ऑइलपेंट मारत आणि संक्रांतीपर्यंत तो परत वर येई. ती लहानपणी विचारायची, हे काय आहे? आणि बाबा म्हणायचे, सुताराच्या करवतीचे दात तुटले होते तिथी.

तिने नखाने रंगाचा पोपडा उचलला. खाली लाकडात रुतलेली, कापली गेलेली, बोटाएवढी जाड लोखंडाची टिकली होती.

मागे घुरघुर झाली. ललिताने कप खाली ठेवला, मोबाईल उचलला आणि जणू उजेडासाठी दाराशी आली. दिव्यानीने पटकन हात काढला आणि बाजूला झाली.

“हाँ मॅडम. हाँ, सुन रही हूँ।” ललिता चौकटीला टेकून उभी राहिली. “नहीं, अब यहाँ कुछ काम नहीं है। आऊँगी। टिकट निकालो।”

बोलता बोलता तिचा अंगठा त्या काळ्या डागावर गेला होता. फोन बंद झाल्यावरही तो तिथेच हळूहळू फिरत राहिला. निजलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग तिने दिव्यानीकडे पाहिलं, आणि आपल्या केसांत अडकलेलं ते फूल काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

“खा,” ती म्हणाली. “ताजं गोड लागते.”

ती आत पोत्यांजवळ गेली. खाटेखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

पडवीत हेमराज गार झालेल्या चहाकडे पाहत होता. “तिले सांगू सांगू म्हनता राहून गेलं,” तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. “वास्तूचा मुहूर्त जवळ आला होता, जंगलखात्याच्या डेपोचं लाकूड मिळून नव्हतं राह्यलं. मंग ती दर साली मोहाचं इचारे, आन् दर साली मी...”

“आता काय होते बोलून,” रीता म्हणाली. “जाऊन राह्यल्या ना त्या. सुखानं जाऊ द्या.”

दिव्यानीने फूल तोंडात घातलं. गोड होतं, आणि शेवटी किंचित तुरट. ती पडवीत आली आणि आईबाबांपुढे उभी राहिली. संमेलनात राहिली होती तशी कमरेवर हात ठेवून नाही. दोन्ही हात खाली सोडून.

“बाबा, उद्यापासून मी रुखमाबाईच्या झाडाखाली जाईन. अर्ध्यानं. आत्याले बी नेईन, ती जाईपर्यंत.”

“येडी झाली का?” रीता म्हणाली. “सोताचा धुरा असून लोकाईच्या झाडाखाली? गाव इचारन, तुमचा मोह कुठी गेला म्हनून.”

“इचारू दे. मी सांगनार हाव.”

हेमराजने मान वर केली. दिव्यानी थांबली नाही.

“आन् यंदा दिवाळीले चौकटीले रंग लावाचा नाई, बाबा. मी लावू देनार नाई.”